आधी बाग, मग तट

फ्रान्समधल्या आंबुआझच्या जुन्या किल्ल्यात आठव्या चार्ल्स राजाने 1490च्या दशकात मोठं बांधकाम काढलं. लढाईसाठी उभ्या राहिलेल्या तटबंदीला ऐसपैस दालनं लाभली, पुढे बागही आली. किल्ल्याचा महाल होण्याची ही युरोपातली प्रसिद्ध गोष्ट. नवल असं, की त्याच सुमारास आपल्या नगरला महालाचा किल्ला होऊ लागला होता!

1490 साली निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने बहमनी फौजेचा पराभव केला आणि विजयाच्या जागी बाग फुलवून महाल बांधला: बाग निजाम. त्याभोवती मातीचा कोट उभा राहिला. 1559च्या सुमारास हुसेन निजामशहाने त्या जागी घडीव दगडाचा तट बांधायला घेतला. हाच नगरचा भुईकोट.

एवढा दगड कशासाठी? तोफांचा काळ आला होता. विजापूरला दिसणारी पन्नास टनांहून जड ‘मलिक-ए-मैदान’ 1549 साली नगरलाच ओतली गेली. ज्यांनी असली तोफ ओतली, त्यांना तिचा मारा काय करतो हे सांगायला नको. इथे डोंगरकड्याचा आधार नाही. म्हणून सपाटीवर सुमारे पावणेदोन किलोमीटरचा वाटोळा तट आणि त्याबाहेर रुंद खंदक. 1595-96च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं, तरी चांदबिबीने रातोरात ते बुजवून घेतलं.

मग ऐषआरामाचं काय झालं? तो तटाबाहेर गेला, थेट पाण्यात! मुर्तजा निजामशहाच्या काळात, 1583 साली फराहबाग पूर्ण झाली. आधी बांधलेली इमारत सुलतानाला पसंत पडली नाही, म्हणून ती पाडून सरदार सलाबतखानाकडून नवी बांधून घेतली. तलावाच्या मधोमध दुमजली अष्टकोनी महाल, चारही बाजूंना उंच कमानी, आत घुमटाखालचं प्रशस्त दालन. नगरचा उन्हाळा ज्याने सोसलाय त्यालाच यातली हुशारी कळेल. पाण्यावरून येणारा वारा गार होऊन कमानींतून आत शिरतो, जाड भिंती दुपारची धग अडवतात, तापलेली हवा उंच घुमटाकडे चढते आणि माणसं बसतात तिथे गारवा राहतो. शहराला लांबून खापरी नळांनी पाणी आणणाऱ्या निजामशाहीला पाण्याच्या अशा करामती चांगल्याच ठाऊक होत्या.

आज तो तलाव कोरडा आहे. इमारतीची पडझड झाली आहे, पण कमानी उभ्या आहेत. भुईकोट बघून झाला की सोलापूर रस्त्याच्या बाजूला वळा आणि या महालाच्या दालनात उभं राहून मान वर करून बघाच.