उचलीची वही

सकाळी ६. पारनेरात या वेळेला गल्ली शांत असते, म्हणून लिहायचं ते आत्ताच. एका डिटेक्टिव्ह मालिकेचे एपिसोड मी घरूनच लिहून पाठवते. सध्याचा ट्रॅक असा : जत्रेत तमाशाचा वग रंगलेला असताना फडाचा मॅनेजर राहुटीत मेलेला सापडतो.

८. पाणी, डबे, भाकऱ्या.

९.३०. पलीकडच्या आळीतले नाना आयुष्यभर फडात ढोलकी वाजवायचे. विचारलं, "नाना, मॅनेजरच्या पेटीत काय असायचं?"

"वही. कुणी किती उचल घेतली त्याची."

दसऱ्याला फड बाहेर पडायच्या आधी कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर नाचून-वाजवून फेडतो. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मालकही पुष्कळदा सावकाराकडून व्याजानेच पैसा उभा करतो. खुनाचं कारण मला तिथेच सापडलं : फिटलेली उचल वहीत पुन्हा मांडायला मॅनेजरने नकार दिला.

मग नानांनी बहिणीची चाळ काढली. दोरीत ओवलेले घुंगरू, नडगीवर कापडाची घडी, त्यावर वेढ्यावर वेढे. मी एक पाय बांधून पाहिला, दोन पावलांतच शेजारच्या काकू डोकावल्या. "चाळ बांधलेली बाई राहुटीकडं गेली तर अख्ख्या फडाला कळतं," नाना म्हणाले.

दुपारी १. जेवताना 'सीआयडी' मालिकेचा जुना भाग लावला. दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि अभिनेते शिवाजी साटम ही जोडी त्याआधी मराठीत 'एक शून्य शून्य'मध्ये होती. १९९८ला सुरू झालेली 'सीआयडी' पहिल्या खेपेला २०१८पर्यंत चालली. २००४मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा भाग एकाच शॉटमध्ये घेतला. त्या धाडसाबद्दल मला फार आदर आहे. पण तिथे फॉरेन्सिकचे डॉ. साळुंखे उभ्या उभ्या रिपोर्ट देतात. इकडे व्हिसेरा राखून ठेवतात आणि अहवालाची वाट पाहण्यात महिने जातात. माझ्या इन्स्पेक्टरला तोवर डोळे-कान वापरूनच तपास करावा लागणार.

४. चॅनेलवरून फोन. "ताई, खुनी लावणीवालीच ठेवा ना. प्रेमाचा त्रिकोण चालतो."

मी ठाम नाही म्हटलं. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. इतकं सोसलेल्या बायकांना पडद्यावर आपण दर वेळी संशयितच करायचं? शिवाय मालिकेतल्या माणसांना मानधन साधारण ९० दिवसांनी मिळतं. अडकलेल्या पैशाची तडफड सेटवरच्या स्पॉटदादालाही समजावून सांगावी लागणार नाही.

७. सीन नव्याने लिहिला. गण, गवळण, बतावणी झाली, वग चालू आहे. सगळे लावणीवालीकडे बोट दाखवतात. इन्स्पेक्टर तिच्या पायांकडे बघतो : चाळ तशीच बांधलेली, आणि राहुटीच्या दाराशी झोपलेल्या पोराने घुंगराचा आवाज ऐकलेला नाही. वही मात्र गायब. ती सावकाराच्या गाडीत निघते.

रात्री १०. मेल केला, वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'चाळीचा सीन कापू नये.' दिग्दर्शकाचं लगेच उत्तर : मध्येच चाळ सोडून, जाऊन, परत बांधली असेल तर?

नानांना फोन लावला. म्हणाले, "सकाळी घड्याळ घेऊन ये. सोडून-बांधून दाखवतो."