वाहनकर्षण
वाहनकर्षण : एक मोटार वाहन दुसऱ्या वाहनाला जोडून रस्त्यावरून ओढत नेण्याची क्रिया. ओढणाऱ्या वाहनास कर्षक वाहन व ओढल्या जाणाऱ्या वाहनास कर्षित वाहन म्हणतात. नादुरुस्त गाडी दुरुस्तीसाठी नेणे, ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडून शेतमाल वाहणे व मोटारहोममागे (फिरत्या घरामागे) लहान मोटारगाडी जोडून प्रवास करणे, ही या क्रियेची तीन परिचित रूपे होत. तिन्हींमधील यांत्रिक प्रश्न एकच आहे. कर्षित वाहन स्वतःच्या शक्तीने चालत नसले, तरी त्याला वजन व वेग असतो. त्यामुळे कर्षक वाहनाची ओढण्याची ताकद पुरेशी आहे की नाही, यापेक्षा दोन्ही वाहने मिळून सुरक्षितपणे थांबविता येतील की नाही, ही या विषयातील खरी कसोटी होय.

प्रकार : कर्षित वाहन तीन रीतींनी नेता येते. पहिल्या रीतीत त्याची चारही चाके रस्त्यावर फिरत राहतात. दुसऱ्या रीतीत पुढील किंवा मागील चाकांची जोडी क्रेनने उचलून धरतात. तिसऱ्या रीतीत संपूर्ण वाहन सपाट तळाच्या मालमोटारीवर किंवा ट्रेलरवर चढवितात. पहिली रीत सर्वांत स्वस्त व सुटसुटीत आहे, परंतु प्रत्येक वाहनास ती मानवत नाही. अमेरिकेत मोटारहोमचे प्रवासी मुक्कामाच्या ठिकाणाहून गावात हिंडण्यासाठी या रीतीने लहान गाडी सोबत नेतात.

वाहनाची निवड : चारही चाकांवर ओढण्यास वाहन योग्य आहे की नाही, हे मुख्यतः त्याच्या गिअरपेटीतील वंगणावर अवलंबून असते. स्वयंचलित गिअरपेटीत तेल खेळविणारा पंप एंजिनावर चालतो. एंजिन बंद ठेवून वाहन ओढल्यास चाकांबरोबर पेटीतील काही भाग फिरतात, पण त्यांना पुरेसे तेल मिळत नाही व अंतर ताणल्यास ते तापून निकामी होतात. हाताने गिअर बदलण्याच्या पेटीत फिरणारी दंतचक्रे तेलात बुडून ते इतरत्र उडवितात. तथापि गिअर मोकळा (न्यूट्रल) असता कोणती चक्रे फिरतात हे रचनेवर अवलंबून असल्याने अशी सर्वच वाहने दूरच्या कर्षणास योग्य ठरत नाहीत. जीप वर्गातील ज्या वाहनांत चारही चाकांना शक्ती वाटून देणारी स्वतंत्र पेटी असते व ती मोकळ्या स्थितीत ठेवता येते, ती या कामास सोयीची मानली जातात. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांत चाके व विद्युत् चलित्र कायम जोडलेली असतात. चाके फिरली की चलित्र जनित्राप्रमाणे वीज निर्माण करू लागते. म्हणून अशी गाडी सपाट तळाच्या वाहनावर चढवूनच नेणे इष्ट असते. कोणत्याही वाहनाबाबत निर्मात्याच्या पुस्तिकेतील सूचना अंतिम मानावी. कर्षकाची निवड करतानाही त्याच्या निर्मात्याने ठरविलेली ओढण्याच्या वजनाची मर्यादा पाहावी लागते.

साधने : दोर किंवा साखळी फक्त ओढू शकते, मागे रेटून धरू शकत नाही. पुढचे वाहन मंदावताच दोर सैल पडतो व मागचे वाहन पुढच्यावर आदळण्याची भीती असते. त्यामुळे दोराचा उपयोग सपाट रस्त्यावर व थोड्या अंतरापुरताच करावा. ताठ ओढदांडा ताण व दाब दोन्ही पेलतो. नेहमीच्या कर्षणासाठी त्रिकोणी आकाराचा दांडा वापरतात. त्याची दोन टोके कर्षित वाहनाच्या सांगाड्यावरील बैठकींना व तिसरे टोक कर्षकामागील गोलकाला किंवा कडीला जोडतात. दांडा जमिनीशी समांतर राहील अशा उंचीवर ही जोडणी असावी. दांडा निसटल्यास वाहन सुटू नये म्हणून त्याच्या खाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधतात. बंपर हा जोडणीची जागा नव्हे. अनेक मोटारगाड्यांच्या हत्यारांच्या संचात पेचाने बसविण्याची कडी असते. तीही केवळ अडचणीतून सोडविण्यासाठी असते.

कर्षित वाहनाची सुकाणूची कळ उघडी ठेवावी लागते, म्हणजे पुढील चाके वळणानुसार वळतात. मात्र अशी जोडी मागे घेता येत नाही, कारण उलट दिशेने ढकलताच पुढील चाके एका अंगाला वळून अडतात. एंजिन बंद असता ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात प्रयुक्ती थोड्याच दाबांनंतर संपते व पायटा कठीण होतो. म्हणून मोटारहोममागील गाडीत वेगळी ब्रेक-यंत्रणा बसवितात; कर्षकाचा ब्रेक लागताच ती आपोआप कार्य करते. ब्रिटनमध्ये त्रिकोणी दांड्याने ओढलेली गाडी ट्रेलर समजली जाते आणि ७५० किग्रॅ.हून अधिक वजनाच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे. कर्षित वाहनाचे मागील दिवे कर्षकाच्या दिव्यांबरोबर लागतील अशी तारजोडणीही आवश्यक असते.

भारतातील कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि कर्षकाचा नोंदणी क्रमांकही ट्रेलरवर दर्शवावा लागतो. मोटार वाहने (चालन) विनियम, २०१७ नुसार नादुरुस्त किंवा अर्धवट जुळणी झालेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर व साइडकार यांखेरीज इतर वाहन ओढण्यास मनाई आहे. ओढलेल्या वाहनाच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असावी किंवा त्याची सुकाणूची चाके जमिनीवरून पक्की उचललेली असावीत. दोन वाहनांतील अंतर ५ मी.हून अधिक नसावे आणि वाहन ओढले जात असल्याची पाटी मागे लावावी, असेही बंधन आहे. ट्रेलर व साइडकार सोडून अन्य वाहन ओढताना गती ताशी सु. २५ किमी.पर्यंत मर्यादित आहे. याचा अर्थ, सुस्थितीतील मोटारगाडी केवळ सोयीसाठी मोटारहोममागे ओढण्याची अमेरिकी पद्धत भारतात चालत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. परंतु लोणारचे सरोवर किंवा सिंदखेडराजा पाहण्यास मोटारहोमने आलेल्या प्रवाशाने लहान गाडी वेगळ्या चालकाकडून आणवावी अथवा स्थानिक वाहन भाड्याने घ्यावे, हेच योग्य होय.

बुलढाणा जिल्ह्यातील कर्षण : अजिंठ्याच्या डोंगररांगांमुळे या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडतात. बुलढाणा शहर घाटावर असून मलकापूर, नांदुरा, शेगाव व खामगाव ही गावे पूर्णेच्या खोऱ्यात आहेत. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट व खामगावकडे जाताना बोथा घाट उतरावा लागतो. बंडीच्या काळी उतारावर ओझ्याचा रेटा बैलांवर येई. आता ट्रॉलीचा रेटा ट्रॅक्टरवर येतो. १२ मी.ला १ मी. अशा उतारावर ६,००० किग्रॅ. वजनाची भरलेली ट्रॉली, चाकांचा घर्षणरोध सोडल्यास, सु. ५०० किग्रॅ. भाराइतक्या जोराने पुढे रेटते. अनेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतो व ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागील चाकांनाच असतात. ही चाके घसरू लागली की ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा लोटते व दोन्ही वाहने कात्रीप्रमाणे मिटतात. डिझेल वाचविण्यासाठी गिअर मोकळा सोडून घाट उतरण्याची सवय त्यामुळे प्राणघातक ठरू शकते, कारण अशा वेळी एंजिनाचा रोध मिळत नाही.

समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागातील मेहकर व सिंदखेडराजा परिसरातून जातो. तेथे मोटारगाड्यांची वेगमर्यादा ताशी १२० किमी. असल्याने २५ किमी. वेगाने ओढले जाणारे वाहन स्वतःच अडथळा बनते. तेथे नादुरुस्त वाहन चढवून नेणेच सुरक्षित असते.

दक्षता : ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये तो उतरावा व गिअर उताराच्या आधीच बदलावा. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले ट्रॅक्टरचे दोन ब्रेक-पायटे रस्त्यावर येण्यापूर्वी एकत्र अडकवावेत. ते सुटे राहिल्यास एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटू शकतो. जोडणीच्या पिनेला खिट्टी व सोबत सुरक्षा-साखळी असावी. ट्रॉलीच्या मागे परावर्तक व चालू दिवे असावेत, कारण कापूस वा कडबा बाहेरपर्यंत भरलेली दिवाहीन ट्रॉली अंधारात मागून येणाऱ्यास फार उशिरा दिसते. उभ्या ट्रॉलीच्या चाकांना दगड किंवा ठोकळा लावल्याशिवाय पिन काढू नये. या उपायांना खर्च अल्प लागतो. जोडलेल्या वाहनाचा भार आपल्या ब्रेकांवर आहे, ही जाणीव मात्र चालकाला सतत ठेवावी लागते.