पाटे का करकरतात?

बदलापूर सोडून वांगणीच्या दिशेने निघाले म्हणजे चामटोली लागते. एका अंगाला अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहती आणि दुसऱ्या अंगाला अद्याप टिकून राहिलेली भातखाचरे, अशा या मुलखात किरकोळ मालवाहतुकीचा मोठा भार ज्या वाहनावर पडतो ते म्हणजे पिकअप. उल्हासनगरच्या बाजारातले लाकडी कपाट, कारखान्यातले सुटे भाग, घरबांधणीची वीट, खडी आणि सिमेंट, मोसमात भाजीपाला, असे जे पदरी पडेल ते ही गाडी वाहते. आणि भार वाढू लागला की मालक कंपनीच्या मूळ पाट्यांवर, म्हणजे भार झेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगांवर, विसंबून न राहता बाजारातून आणखी एखादा पाटा घालून घेतो, किंवा सबंध संचच बदलून जाड पाट्यांचा बसवतो. काही महिने बरे जातात. मग एखाद्या खड्ड्यावर मागच्या चाकापाशी करकर उमटते, हळूहळू ती प्रत्येक गतिरोधकाशी नित्याची होते, आणि अखेरीस गाडी मेस्त्रीपुढे उभी करून ‘जरा ग्रीस मारा’ एवढीच फिर्याद केली जाते. आवाज बंद व्हावा ही इच्छा रास्त आहे. मात्र तो कोठून आणि कशामुळे येतो याचा तपास केल्यावाचून त्यावर वंगण ओतणे म्हणजे कागदपत्रे न पाहताच निकाल देण्यासारखे होय.

पाट्यांची रचना दिसायला सोपी असली तरी तिच्यात मोठे चातुर्य आहे. सर्वांत लांब असा मेन पाटा, त्याची दोन्ही टोके वळवून केलेली वाटोळी वेढी, त्या वेढ्यांत बसविलेले बुश, आणि मेन पाट्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे बाकीचे पाटे, असा हा जुडगा मध्यभागी सेंटर बोल्टने एकत्र बांधलेला आणि यू-बोल्टांनी अ‍ॅक्सलला जखडलेला असतो. भार पडला की कमान सपाट होऊ लागते आणि तिची लांबी किंचित वाढते; ती वाढ सामावून घेण्यासाठी एका टोकाला झुलणारे शॅकल दिलेले असते. याच वेळी प्रत्येक पाटा आपल्या शेजाऱ्यावरून थोडासा सरकतो. या सरकण्यातले घर्षण हा निव्वळ दोष नव्हे, कारण त्याच्यामुळेच धक्क्यानंतरचे हेलकावे काही अंशी आपोआप शमतात. घोडागाड्यांच्या काळापासून मोटारींनी उचललेली ही युक्ती एवढी टिकाऊ ठरली की महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभली तेव्हा तिची चारही चाके पाट्यांवरच तोललेली होती, आणि १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ लाही पाट्यांचाच आधार होता.

मग हेच उपकारी घर्षण बोलू का लागते? दोन पृष्ठभाग तेलकट व गुळगुळीत असतील तर ते सलग सरकतात. त्यांच्यामध्ये गंज, चिखल अथवा दगडाची भुकटी शिरली की ते क्षणभर चिकटतात, ताण वाढतो, आणि एकदम सुटतात. चिकटण्या-सुटण्याची ही क्रिया वेगाने होऊ लागली की लोखंड कंप पावून आवाज करते. पाट्यांच्या टोकांशी दाब सर्वांत अधिक असल्यामुळे करकरही बहुधा तेथूनच निघते. कंपनीच्या पुष्कळ संचांत म्हणूनच टोकांखाली नायलॉनसारख्या पदार्थाच्या चकत्या बसविलेल्या असतात; बाजारातून वाढविलेल्या पाट्याला त्या पुष्कळदा नसतात. त्याहून मोठे कारण म्हणजे कमानीचा विजोड. नव्या पाट्याचा बाक जुन्या पाट्यांशी जुळला नाही तर तो सर्वत्र सारखा न टेकता एखाद-दुसऱ्या जागीच घासतो, आणि त्या जागेचा रंग उडून तेथे गंज धरतो. पाटे एकत्र ठेवणारी क्लिप फार आवळून बसविली, किंवा टोकाची कापीव धार तशीच ठेवली, तरी परिणाम हाच.

यात कोकणच्या पावसाची भर पडते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस वेढली गेली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली, हे पुष्कळांना स्मरत असेल. अशा पाण्यातून गेलेल्या किंवा त्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पाट्यांत जो बारीक गाळ शिरतो, तो पाणी ओसरल्यावर आपोआप निघून जात नाही. सुकतो आणि सहाणेचे काम करतो.

तपासाची रीत खर्चिक नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून, चाकांना अडण लावून उभी करावी. एकाने मागचा हौदा दाबून हेलकावावा आणि दुसऱ्याने बाजूला राहून कान द्यावा. मग एकेका जागी थोडे पाणी शिंपडावे: प्रथम पाट्यांच्या टोकांवर, नंतर पुढच्या बुशावर, नंतर शॅकलवर. ज्या ठिकाणी ओल लागताच आवाज काही काळ थांबतो, तेथेच दोष आहे असे समजावे. करकरीऐवजी ‘ठक्’ असा आवाज येत असेल तर संशय सैल यू-बोल्टावर, झिजलेल्या बुशावर किंवा तुटलेल्या सेंटर बोल्टावर घ्यावा.

दोष पाट्यांमध्येच आढळला तर पाण्याच्या जोरदार झोताने गाळ काढून ते पुरते वाळू द्यावेत. त्यानंतर गाडी चॅसीखाली जॅक लावून उचलावी आणि भक्कम स्टँडवर टेकवावी, म्हणजे अ‍ॅक्सल खाली लोंबून पाट्यांवरचा दाब उतरतो आणि टोके किंचित विलग होतात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. उघडलेल्या फटीत ग्रॅफाइटयुक्त किंवा सुकून कोरडा थर धरणारे वंगण द्यावे. जळके इंजिन ऑइल शिंपडण्याची जी जुनी वहिवाट आहे ती मात्र सोडावी: ते चार दिवस आवाज दाबते, पण धूळ धरून ठेवते, बुशाचे रबर फुगवते आणि पावसाबरोबर ओढ्याला जाऊन मिळते. कायमचा इलाज हवा असेल तर संच उतरवून प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशाने घासावा, टोकाच्या धारा हलक्या हाताने मोडाव्यात, चकत्या नव्या घालाव्यात आणि विजोड बाकाचा पाटा बदलावा. पुन्हा जोडताना यू-बोल्ट नवे घ्यावेत, कारण एकदा ताणून आवळलेला बोल्ट तशीच पकड पुन्हा देईलच असे नाही. आणि काही शे किलोमीटर धावल्यानंतर ते ठरलेल्या मापाने पुन्हा आवळावेत.

बुशांचे शास्त्र थोडे निराळे आहे. रबरी बुशाला खनिज तेल वा साधे ग्रीस लावू नये. त्याचा बोल्ट गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळावा. लोंबत्या स्थितीत आवळल्यास गाडी खाली येताच रबर पिळून राहते आणि लवकर फाटते. बाजारातील पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ असले तरी कोरडे बसविल्यास हमखास चिरकतात. त्यांना सिलिकोन ग्रीसच द्यावे लागते.

पाट्याला तडा गेलेला दिसला तर वेल्डिंगचा मोह टाळावा. हे पोलाद तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा चिवटपणा सिद्ध केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो त्या जागी नाहीसा होतो, आणि सांध्याच्या शेजारीच पाटा पुन्हा मोडतो.

शेवटी मूळ प्रश्न उरतो तो भाराचा. जादा पाटा घातल्याने गाडीचा मागचा भाग खाली बसत नाही एवढेच. ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल आणि चॅसी पूर्वी होते तेवढ्याच ताकदीचे राहतात, आणि नोंदणीच्या दाखल्यावरील वजनाचा आकडाही तसूभर बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. म्हणून करकर थांबविण्यासाठी गॅरेजात जाणाऱ्याने मेस्त्रीला आवाजाबरोबरच आपण नेहमी वाहतो तो माल आणि त्याचे वजनही खरेखरे सांगावे. फर्निचर वाहणाऱ्याला बहुधा जादा पाट्याची गरजच नसते आणि तो काढून टाकणे हाच त्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. विटा वाहणाऱ्याने मात्र एका खेपेच्या दोन कराव्यात, कारण अतिभाराने वाकलेल्या पाट्यावर कोणत्याही वंगणाची मात्रा चालत नाही.