टपालातील धोकादायक वस्तू
टपालातील धोकादायक वस्तू म्हणजे वाहतुकीदरम्यान आग, स्फोट, गळती किंवा विषबाधा घडवू शकणाऱ्या वस्तू होत. अत्तर, नेलपॉलिश, दाबाखाली भरलेले फवारे, आगपेट्या, फटाके, ॲसिड आणि लिथियम बॅटरी या घरगुती वस्तूंचा त्यांत समावेश होतो.

धोक्याचे स्वरूप
पार्सल अनेकदा विमानाने जाते. प्रवासात त्याला हादरे बसतात आणि हवेचा दाब व तापमान बदलते. त्यामुळे घरात निरुपद्रवी वाटणारी बाटली गळू शकते. अत्तरातील अल्कोहोल ज्वलनशील असते. लिथियम बॅटरीत शॉर्ट सर्किट झाल्यास एका घटातील उष्णता शेजारच्या घटांत पसरत जाते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका बोइंग ७४७ मालवाहू विमानात मालाला आग लागून ते कोसळले व दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. त्या मालात लिथियम बॅटरी मोठ्या प्रमाणावर होत्या.

नियम
भारतीय टपाल कार्यालय अधिनियम, १८९८ च्या कलम १९ नुसार स्फोटक व धोकादायक पदार्थ टपालाने पाठवण्यास मनाई होती. या अधिनियमाची जागा पुढे टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ ने घेतली. आंतरराष्ट्रीय हवाई टपालात सुट्या लिथियम बॅटरी स्वीकारल्या जात नाहीत. उपकरणात बसवलेली लिथियम-आयन बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची असल्यास, तीही केवळ परवानगी असलेल्या टपालसेवांमार्फत पाठवता येते.

खबरदारी
उपकरण बंद करून ते प्रवासात आपोआप सुरू होणार नाही अशा रीतीने बांधावे. फुगलेली किंवा खराब बॅटरी पाठवू नये. पार्सलातील वस्तूंची खरी माहिती देणे सर्वांत महत्त्वाचे असते, कारण घोषित न केलेल्या वस्तूबाबत वाहतूक करणाऱ्यांना खबरदारी घेता येत नाही. उत्तम वेष्टनामुळे निषिद्ध वस्तू पाठवण्यायोग्य ठरत नाही.