घोंगडीत ऊब येते कोठून?

काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशाच्या मानाने आपल्याकडे थंडी ती कसली, असे म्हणण्याची पद्धत आहे. असे म्हणणाऱ्याला जानेवारीच्या पहाटे पाच वाजता भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीवरील गोठ्यात नेऊन उभे करावे! एकीकडे रायरेश्वराचे पठार, दुसरीकडे राजगड आणि १४०३ मीटर उंचीचा तोरणा. मधल्या खोऱ्यांत भाटघर, पानशेत अशा धरणांचे पाणी आणि त्यावर पसरलेले धुके. अशा वेळी शेण काढायचे, गव्हाणीत भाताचा पेंढा टाकायचा, पाणी आणायचे, धार काढायची आणि दुधाची किटली सायकलला नाहीतर मोटारसायकलला अडकवून डेअरीवर पोचवायची. हात ओले, पाय ओले आणि बाहेर बोचरा वारा. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हे काम रोजच चालते. बहुधा आजी-आजोबाच सर्वांच्या आधी उठून ते करतात.

अशा कामाला अंगावर काय घालावे? ‘जाड काहीतरी घाला’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे उत्तर खुंटीवरच्या काळ्या घोंगडीत दडलेले आहे.

खोऱ्यात गारठा जास्त का?

हिवाळ्यात रात्री मोठ्या असतात आणि आकाश निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकते. ढग असते तर त्यांनी ती काही प्रमाणात परत पाठवली असती. ढग नसल्याने जमीन भराभर निवते. तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असते, म्हणून ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी हळूहळू खाली सरकते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. त्यामुळे उतारावरच्या वाडीपेक्षा नदीकाठचे गाव पहाटे अधिक गारठलेले असू शकते.

शेजारच्या महाबळेश्वराला वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव काही पहाटे गोठते, पण त्याच वेळी माणसाच्या उंचीवरचा तापमापक शून्याच्या वर काही अंश दाखवत असतो. गवताच्या पात्याने आपली उष्णता थेट आकाशाला देऊन टाकलेली असते. अंगणात उघड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचेही तसेच होते. अंगावर छप्पर असले की हे प्रारण अडते. म्हणून भिंती नसलेला, नुसत्या छपराचा गोठाही उघड्या अंगणापेक्षा उबदार वाटतो.

कपडा ऊब देत नाही

आता एक सोपा प्रश्न. तापमापक घोंगडीत गुंडाळून तासभर ठेवला, तर त्याचा पारा चढेल का? मुळीच नाही. उलट बर्फाचा खडा घोंगडीत गुंडाळला, तर तो लवकर वितळण्याऐवजी उशिरा वितळेल. बर्फ विकणारे बर्फ गोणपाटात आणि लाकडाच्या भुश्यात ठेवत, ते याचसाठी.

म्हणजेच घोंगडी उष्णता निर्माण करत नाही. उष्णता आपले शरीर निर्माण करते. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून दर सेकंदाला जेवढी उष्णता बाहेर पडते, ती साधारण १०० वॉटच्या दिव्याइतकी असते. मेहनतीचे काम करताना ती तिप्पट-चौपट होते. ही उष्णता चार वाटांनी निघून जाते: थंड वस्तूला स्पर्श झाल्यास वहनाने, हवेच्या हालचालीमुळे अभिसरणाने, प्रारणाने आणि अंगावरचे पाणी सुकताना बाष्पीभवनाने. कपड्याचे काम एवढेच की, या चारही वाटांवर पहारा ठेवायचा.

हा पहारा कपडा स्वतः करत नाही. तो करते कपड्यात अडकलेली हवा. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. हा २५ चा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो कामी येणार आहे.

कपड्याची ऊब मोजण्यासाठी १९४१ साली गॅगे, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ नावाचे एकक सुचवले. २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत, हवा जवळजवळ स्थिर असताना, बसलेल्या माणसाला आरामात ठेवणारा पेहराव म्हणजे १ क्लो. पुढे मोजमापांतून एक मजेची गोष्ट दिसली. कपडा कोरडा असेल आणि वारा नसेल, तर त्याची ऊब मुख्यतः जाडीवर ठरते. धागा सुताचा, लोकरीचा की नायलॉनचा, याने फारसा फरक पडत नाही. जाडी जितकी, तितकी अडकलेली हवा. आणि हवा जितकी, तितकी ऊब.

मग गोधडी का नको?

तुम्ही लगेच विचाराल, असे असेल तर आईने जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली गोधडी घोंगडीइतकीच उबदार ठरायला हवी. प्रश्न अगदी रास्त आहे. अंथरुणात, कोरड्या घरात, ती तशी ठरतेही! पण गोधडी पांघरून कोणी गोठ्यात किंवा रानात जात नाही. तेथे घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतात. आपल्या पूर्वजांनी ही वाटणी अनुभवाने केली. तिचे कारण ‘ओल’ या एका शब्दात आहे.

सुती धागा पाणी चटकन शोषतो. भिजलेले सुती कापड चपटे होऊन अंगाला चिकटते. हवेच्या कप्प्यांत पाणी भरते, आणि पाणी तर २५ पट चांगले वाहक! शिवाय अंगावर सुकताना १ ग्रॅम पाण्याला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ओल्या सदऱ्यातले १०० ग्रॅम, म्हणजे वाटीभर पाणी अंगाच्या उष्णतेवर सुकायचे म्हटले, तर स्वस्थ बसलेल्या माणसाची सुमारे ४० मिनिटांची सारी उष्णता त्यातच खर्च होईल. मग हुडहुडी भरली तर नवल काय?

लोकरीचे तसे नाही. आपल्याकडच्या घोंगड्या दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीच्या. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन सनगर कारागीर त्या हातमागावर विणतात. लोकरीचा तंतू सरळ नसून कुरळा असतो. त्यामुळे तंतू एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत आणि मध्ये हवा राहते. दाबले तरी ते पुन्हा फुगतात. तंतूच्या बाहेरच्या खवलेदार आवरणावर पाणी सहजासहजी पसरत नाही, पण पाण्याची वाफ मात्र आत शिरते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही.

आणखी एक गंमत आहे. वाफ लोकरीत शोषली जाते तेव्हा उष्णता बाहेर पडते. चुलीजवळच्या खुंटीवर कोरडी झालेली घोंगडी पांघरून तुम्ही धुक्यात गेलात, तर ती धुक्यातला दमटपणा शोषते आणि त्या वेळी थोडी गरम होते. ही ऊब फार काळ टिकत नाही; पण घरातून बाहेर पडतानाचा पहिला गारठा सोसायला तिची मदत होते. यासाठी घोंगडी मुळात कोरडी हवी. रात्रभर गोठ्याच्या ओलसर भिंतीवर टाकलेली घोंगडी हे काम करू शकत नाही. चिंब भिजली तर लोकरीचीही ऊब घटते. मात्र सुतापेक्षा कमी.

बाजारात मिळणारे नायलॉन, ॲक्रिलिकचे स्वेटर स्वस्त असतात आणि लवकर वाळतात. कोरडे असताना जाडीच्या मानाने ऊबही चांगली ठेवतात. पण शेकोटीच्या ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटतात. लोकर सहजी पेट घेत नाही. जाळ दूर केला की बहुधा विझते.

वाऱ्याचा वाटा

आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो. वारा तो पळवून नेतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी १९४१ साली अंटार्क्टिकावर एक साधा प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यातले पाणी निरनिराळ्या वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो, ते त्यांनी मोजले. त्यातूनच वाऱ्याच्या गारठ्याचे गणित जन्मले. त्याचे २००१ साली सुधारलेले सूत्र वापरले, तर १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ७ अंशांच्या आसपासची थंडी वाजते. डेअरीवर मोटारसायकलने जाणारा हा वारा स्वतःच निर्माण करत असतो! घोंगडीची किंवा स्वेटरची वीण सैल असते, तिच्यातून वारा आत शिरतो. म्हणून वाटेपुरता वर रेनकोट चढवावा आणि पोचताच काढावा; नाहीतर घामाची वाफ आतच अडकून कपडे ओले होतील.

गोठ्यात जाताना

आता हे सारे शास्त्र कामाला लावू.

पहिली गोष्ट, रात्री घातलेला दमट बनियन बदलून कोरडा घाला. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन सैल कपडे एकावर एक घाला. मधल्या फटींत हवा राहते.

दुसरी, शेण काढणे, पाणी वाहणे अशा मेहनतीच्या कामाला लागण्यापूर्वी वरचा कपडा काढून खुंटीला लावा. अंगाची उष्णता तेव्हा पुरेशी असते. घाम आला की कपडे आतून भिजतात. काम संपताच, अंग निवण्याआधी, तो पुन्हा घाला.

तिसरी, डोके आणि कान झाका. निम्मी उष्णता डोक्यातूनच जाते, असे सांगतात. ते खरे नाही. डोक्याचा वाटा सुमारे दहाव्या हिश्श्याइतका असतो. पण इतर अंग झाकलेले असताना उघडे डोके हीच मोठी खिडकी ठरते.

चौथी, हात आणि पाय. थंडीत शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करून हृदय, मेंदू सांभाळते. म्हणून बोटे आधी बधिर होतात. धार काढल्यावर हात लगेच कोरडे पुसा. गाईचे सडही पुसा, ओले सड वाऱ्यात फुटतात. गमबूट असतील तर आत कोरडा मोजा हवाच. उत्तर ध्रुवाकडचे सामी लोक बुटात वाळलेले गवत भरत. पुढे ध्रुवावर जाणाऱ्या संशोधकांनीही ते उचलले. आपल्याकडे भाताचा पेंढा आहेच. त्याच्या पोकळ काड्यांत हवाच तर असते!

हाच पेंढा वासराखाली जाड पसरा. जन्मलेल्या वासराला १० ते १५ अंशांच्या खाली अंग गरम ठेवण्यासाठी जादा उष्णता खर्च करावी लागते, आणि ती दुधातूनच येते. ओले वासरू आधी पुसून कोरडे करा.

आजी म्हणते, मला थंडी वाजत नाही

मित्रांनो, ही गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. वय वाढले की थंडीची जाणीव मंदावते, अंग थरथरून उष्णता निर्माण करण्याची शक्ती कमी होते, आणि थंडीत रक्तदाब वाढतो. म्हणून ‘थंडी वाजत नाही’ म्हणजे शरीर गारठत नाही, असे नव्हे. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, तर ती धोक्याची अवस्था. बोलणे अडखळणे, हातातली वस्तू पडणे, सुस्ती येणे ही तिची लक्षणे. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडे घालावेत, लोकरीत गुंडाळावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

तशीच एक सूचना शेगडीची. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. शेकायचे ते उघड्यावर, झोपायचे ते घोंगडीत.

करून पाहा

चार सारख्या बाटल्या घ्या. दोन बाटल्यांना सुती कापडाचे आणि दोन बाटल्यांना लोकरीचे सारख्या जाडीचे वेष्टन घाला. प्रत्येक जोडीतील एका बाटलीच्या वेष्टनावर मोजून सारखेच पाणी शिंपडा. चारही बाटल्यांत सुमारे ६० अंश तापमानाचे पाणी ओता. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. मग हाच प्रयोग पंख्याखाली करा. ओल्या वेष्टनाच्या बाटल्या कोरड्यांच्या आधी निवतील, हे तर आता तुम्ही सांगालच. पण सूत आणि लोकर यांच्यात फरक किती पडला? वाऱ्याने कोणाचे नुकसान जास्त केले? शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून हा प्रयोग घ्यावा. ओतण्याचे काम मोठ्यांच्या देखत करावे.

प्रयोगासाठी लोकर शोधाल तेव्हा घरातली जुनी घोंगडी बाहेर काढा. आज तिला पूर्वीइतके गिऱ्हाईक राहिलेले नाही, आणि दख्खनी मेंढीच्या लोकरीलाही भाव नाही. घोंगडी उन्हात वाळवा, झटका, आणि आजी पहाटे गोठ्याकडे निघण्यापूर्वी चुलीजवळच्या खुंटीवर टांगून ठेवा.