टँग्राची कढई, मराठी कुटुंबाचे टेबल

चायनीज हॉटेलातील कौटुंबिक जेवण महाराष्ट्रात बहुतेक ठरलेल्या क्रमाने चालते. आधी ‘वन बाय टू’ सूप, अनेकदा मंचाव आणि वर तळलेल्या नूडल्स. मग एखादे ‘ड्राय’ स्टार्टर. शेवटी फ्राइड राइस किंवा हक्का नूडल्स आणि सोबत ग्रेव्ही. दक्षिण चीनमधील घरगुती जेवणात साधा पांढरा भात हा आधार असतो आणि मधोमध ठेवलेले पदार्थ सगळ्यांचे असतात. मधोमध ठेवून वाटून खाण्याची ही रीत भारतात टिकली. भात मात्र परतला गेला आणि पदार्थांना दाट रस्सा आला.

हा बदल कुटुंबाच्या फार सोयीचा ठरला. ग्रेव्ही एकच, तिच्यात कोबी-गाजराचे गोळे, फ्लॉवर, पनीर किंवा चिकन, जे हवे ते पडते. सोमवार-गुरुवार पाळणारी आजी आणि चिकनवाचून न जेवणारा नातू एकाच टेबलावर बसून जवळपास एकाच चवीचे जेवतात. हॉटेलच्या स्वयंपाकघरालाही हे परवडते. भाज्या चिरलेल्या, नूडल्स उकडलेल्या आणि भात गार करून ठेवलेला असतो. गार भाताचा दाणा कोरडा आणि सुटा राहतो, म्हणून तो ताज्या भातापेक्षा चांगला परतला जातो. मोठ्या आचेवर काही मिनिटांत प्लेट तयार होते. उडुपी हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर डोशाशेजारी चायनीजचे पान आले, त्यामागे हा हिशेब होता.

या पाककलेचे मूळ कोलकात्यात आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टाँग आछू हा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्याला बजबजजवळ जमीन मिळाली आणि तिथे त्याने साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाच्या अछिपूर गावी कोलकात्याचे चिनी लोक आजही चिनी नववर्षाच्या सुमारास दर्शनाला जातात. मागून आलेल्यांपैकी कँटनकडचे लोक सुतारकामात शिरले, तर हक्का लोक चामड्याच्या आणि बुटांच्या धंद्यात. टँग्रा ही कोलकात्यातील हक्कांच्या चर्मोद्योगाची वस्ती. ‘हक्का नूडल्स’मधला हक्का म्हणजे हाच समाज. मुंबईतही छोटी चिनी वस्ती होती. माझगावचे सी युप मंदिर तिची खूण म्हणून उभे आहे.

१९६२च्या भारत-चीन युद्धाने या समाजाचा कणा मोडला. सुमारे ३००० भारतीय चिनी लोकांना पकडून राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांत भारतातच जन्मलेली मुले आणि म्हातारी माणसेही होती. काहींची सुटका व्हायला कित्येक वर्षे लागली; परतल्यावर घरदार, दुकान हाती लागले नाही. अनेकांनी देश कायमचा सोडला. ज्यांच्या हातची चव देशभर घरोघर आवडली, त्यांच्यावर झालेला हा अन्याय या पाककलेच्या इतिहासातून वगळणे योग्य नाही.

मुंबईत चायनीजला आजचे वळण मिळाले ते १९७०च्या दशकात. ताजमहाल हॉटेलातील ‘गोल्डन ड्रॅगन’ने सिचुआन प्रांताची तिखट पाककला श्रीमंतांच्या टेबलावर आणली. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईत आले आणि १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी चिकन मंचुरियन तयार केले, अशी प्रसिद्ध हकिकत आहे. आले, लसूण, हिरवी मिरची ही फोडणी भारतीय. पण पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. मंचुरिया प्रदेशाशी पदार्थाचा संबंध नाही. पुढे वाँग यांनी केम्प्स कॉर्नरला ‘चायना गार्डन’ काढले.

शेजवान, म्हणजेच सिचुआन, चटणीचा प्रवास याहून लांबचा आहे. सिचुआनच्या जेवणातील जीभ बधिर करणारी चव तिथल्या एका खास मिरीमुळे येते. ही मिरी कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातली. बांगड्याच्या आमटीत पडते तेच तिरफळ. भारतीय शेजवानमधून ती मिरी जवळजवळ गायब झाली. उरली सुकी लाल मिरची आणि भरपूर लसूण, म्हणजे लसणाच्या ठेच्याची जवळची चव. महाराष्ट्रात ती इतकी रुजली यात नवल नाही. ट्रिपल शेजवान राइसमध्ये भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एकाच प्लेटमध्ये येतात. गाडीवरच्या चायनीज भेळीत तळलेल्या नूडल्स, कोबी, कांदापात आणि ही चटणी एकत्र होते.

चायनीज म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांना अजिनोमोटोची काळजी वाटते. अजिनोमोटोच्या चवीचा शोध जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशैवालाच्या रश्शावरून लावला. १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून या पदार्थाविषयी भीती पसरली. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत त्यामुळे होतात असे म्हटले जाणारे त्रास सातत्याने आढळले नाहीत. खरी काळजी भडक लाल रंगाची करावी. कर्नाटक सरकारने मार्च २०२४मध्ये गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती तपासलेल्या नमुन्यांत असुरक्षित रंग सापडल्यामुळे.

पुन्हा टँग्राकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर तिथले चामड्याचे कारखाने कोलकात्याबाहेर बंतळ्याला हलवण्यात आले. टँग्रात हॉटेले राहिली, काही कारखान्यांच्या जागीही हॉटेले आली. तिथून कॅनडात गेलेल्या हक्का कुटुंबांनी टोरोंटोच्या परिसरात हॉटेले काढली. तिथे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांना चिली चिकन आणि मंचुरियन या हॉटेलांत मिळते.