हरमलात खजिना शोधताना

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनच्या रानात पहिला डबा लपवला गेला. जीपीएसच्या मदतीने असा लपवलेला डबा शोधायचा, तेच जिओकॅशिंग. आता त्यासाठी फोन पुरतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र तर परवान्याशिवाय भारतात आणूच नका. गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर, मोकळ्या आभाळाखाली, फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. गोड्या पाण्याच्या तळ्यामागच्या झाडीत शिरलात, की बाण भरकटलाच म्हणून समजा! नकाशा आधीच उतरवून ठेवा. होकायंत्र अडलं तर फोन हवेत इंग्रजी आठासारखा फिरवा. शेवटच्या दहा पावलांत मात्र फोन खिशात आणि नजर कपारीत. डब्यातल्या वहीत नाव लिहून डबा होता तिथेच ठेवा. खडकांकडे जायचं तर भरतीची वेळही फोनवरच पाहून घ्या.